गिरीजच्या वाडीतला वाकडा बार

मी एक जुना बार आहे. मित्रांनो, व्यायामशाळेत दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा अडकवून जो लांब दांडा उचलतात ना, तो मी. सध्या गिरीज गावातल्या एका वाडीत केळीला टेकू म्हणून उभा आहे. वाकलोय, गंजलोय. पण रडगाणं गाणार नाही. लोखंड आहे मी, मला फारसं काही वाटत नाही. हल्ली तर मुळीच नाही.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला तापवलं, ओढलं, कापलं. घामेजले हात घसरू नयेत म्हणून पकडीच्या जागी खरखरीत नक्षी कोरली. तिथून ट्रकनं आलो तो थेट नालासोपाऱ्यात, गॉडफ्रे सरांच्या गाळ्यात. आजूबाजूला ग्रिल बनवणाऱ्यांची ठोकाठोक आणि मधे आमची व्यायामशाळा. पण आलतूफालतू नव्हे हं! दंड फुगवून आरशात बघणारे तिथे टिकत नसत. येणारे सगळे राज्याकडून, देशाकडून खेळणारे. त्यांच्या अंगात ताकद आणि चपळाई आणायची, हे सरांचं काम.

सर कधी ओरडायचे नाहीत. ते खेळाडूच्या तोंडाकडे बघतच नसत, माझ्याकडे बघायचे. मी किती वेगानं वर येतो तेवढंच. वेग जरा मंदावला की म्हणायचे, "बस. ठेव खाली." आणि सुरुवातीला प्रत्येकाला एकच प्रश्न असायचा, "काल काय केलंस?" त्याच्या उत्तरावर त्या दिवसाचं वजन ठरायचं.

भाविका त्यांची लाडकी. लांब उडी मारायची. गिरीजच्या वाडीतली, आत्मारामभाऊ आणि सुभद्राताईंची मुलगी. सरही मूळचे त्याच गावचे, लग्नानंतर फ्लॅटमध्ये राहायला आले होते. भाविका हाताला खडू चोळून मला धरायची, तेव्हा मी जमिनीवरून सटकन वर यायचो. सर मान डोलवायचे. "हा बार कुणाला द्यायचा नाही, हा भाविकाचा," असं एकदा म्हणाले, आणि खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

देशाच्या संघासाठी निवड चाचणी आठवड्यावर आली होती. तिच्या उडीला जोड नव्हती, आता फक्त अंग ताजं ठेवायचं होतं. सरांनी तिला दोन दिवस सुट्टी दिली. "काही म्हणजे काही करायचं नाही," असं बजावलं.

नेमका त्याच दिवशी अवकाळी वारा सुटला आणि वाडीतल्या केळी आडव्या झाल्या.

सुट्टीनंतर भाविका आली. सरांनी विचारलं, "काय केलंस दोन दिवस?"

"काही नाही सर. घरीच होते."

तिनं मला उचललं. मित्रांनो, मी जडपणे वर आलो, रखडत आलो. हे हात दमलेले आहेत, हे मला पहिल्या पकडीतच कळलं. पण मला तोंड कुठे आहे?

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आरामानं अंग सुस्तावलंय तुझं. होतं असं. एकदा जड उचल, म्हणजे जागं होईल." आणि एरवी जे प्लेट काढायला सांगायचे, त्यांनी त्या दिवशी एकेक प्लेट वाढवली.

मी तिच्या गुडघ्यापर्यंत आलो. तिच्या कमरेत काहीतरी सरकलं. मी सुटलो तो तिरपा, शेजारच्या, बार ठेवायच्या लोखंडी घोडीच्या कडेवर आदळलो आणि मधोमध वाकलो. भाविका ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "सर, पाय बधीर झालाय."

आत्मारामभाऊ रिक्षा घेऊन धावत आले. "काल दिवसभर केळ्यांची लोंगरं वाहिली रे पोरीनं! पडलेल्या केळींवरचा सगळा माल रस्त्यापर्यंत काढला. गॉडफ्रे, तुला बोलली नाही?"

सर तिच्याकडे वळले. "अगं, मी विचारलं होतं ना?"

"सर," भाविका म्हणाली, "ते घरचं होतं."

ती खोटं बोलली नव्हती. वाडीत घरचं काम कुणी कामात धरत नाही. लोंगर म्हणजे केळ्यांचा अख्खा घड; तो खांद्यावर असला तरी माणूस घरीच असतं. सर त्याच वाड्यांत लहानाचे मोठे झालेले. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

ती चाचणीला गेली नाही. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, उडीचं नाव काढू नका. निकाल लागला तेव्हा तिनं फोन पाहिला, बाजूला ठेवला आणि जेवली, असं सुभद्राताई सांगायच्या. रडली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणायच्या.

वाकडा बार कुणाच्या कामाचा? मी कोपऱ्यात झाडूशेजारी पडून राहिलो. पण कान उघडे होते. सरांचा प्रश्न आता बदलला होता. "घरी काय उचललंस?" प्रणव नावाचा कबड्डीपटू म्हणाला, "सर, लाइट नव्हती, पाण्याचे कॅन चौथ्या मजल्यावर चढवले." सर म्हणाले, "मग आज बार नको. जा, झोप." असली उत्तरं रोज निघायला लागली. आधी विचारलंच नव्हतं, तर निघणार कुठून?

पुढे सर मला भंगारात देत होते. आत्मारामभाऊ म्हणाले, "राहू दे, टेकूला होईल." तसा मी इथे आलो. काथ्यानं एका राजेळी केळीला बांधलंय मला. भरलेलं लोंगर माझ्या भरवशावर आहे.

मित्रांनो, वस्तू पुसून जपा, हे मी सांगायला नको. माणसंही जपा. कुणी "काही नाही, घरीच होतो" म्हणालं, तर तेवढ्यावर सोडू नका. आणखी एकदा विचारा.

काल भाविका इथून चालली होती. एक पाय अजून जरा घासत टाकते. माझ्यापाशी थांबली. सवयीनं तिचे हात बरोबर नक्षीवर आले, बोटं आवळली. मी वाट पाहिली.

घरातून सुभद्राताईंनी हाक मारली, "भाविका, काय करतेस गं?"

"काही नाही आई," तिनं हात सोडले. "घरीच आहे."