तेजबाबाची दोन वाडगी

टँकर आला तरी घागरींची रांग हलेना, कारण सगळं गाव तेजबाबाभोवती गोळा झालं होतं. लातूर जिल्हा नवा झाला, पण उदगीरकडच्या आमच्या दुष्काळी गावात नवं काही आलं असेल तर हा बाबा.

"ओम ॲटमाय, ओम कोबाल्टाय!" म्हणत त्यानं काळ्या कागदातली फिल्म सरपंच मलप्पाच्या पोटाला लावली, मग उघडून एका वाडग्यातल्या 'तीर्थात' बुडवली. थोड्या वेळात फिल्म काचेसारखी स्वच्छ झाली. दुसरी फिल्म माझ्या धुरपताआत्याच्या पोटाला लावून दुसऱ्या वाडग्यात टाकली. ती काळीकुट्ट झाली.

"बघा! मशीननं हिच्यात किरण भरलेत. ही जवळ आली की टँकर नासला!"

"लांब व्हा, धुरपताबाई," मलप्पा म्हणाला. "गावात लेकरंबाळं हायत."

आत्या कर्करोगावर मशीनचे किरण घेऊन नुकतीच उठली होती. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं, आणि कालपासून तिला घागरभर मिळालं नव्हतं. ती रिकामी घागर घेऊन मागं सरकली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या आजीला याच गावानं विहिरीवरून हाकललं होतं. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, पण गाव तेच. तेव्हा विटाळ म्हणायचे, आता किरण म्हणतात.

आत्यावर उपचार झाले त्याच हैदराबादच्या दवाखान्यात मी नोकरीला. गाठीवर सोडलेल्या किरणांतले थोडे आजूबाजूच्या धडधाकट अंगातही शिरतात. ते किती, याचा अंदाज काढणं हे माझं काम. आत्याच्या अंगावर किरण मोजायच्या चकत्या मीच चिकटवल्या होत्या. बाबाच्या वाडग्यांचा आंबूस वासही माझ्या ओळखीचा होता. फोटो धुतात त्या खोलीत तो येतो.

बाबाला नुसतं खोटं पाडून माझं समाधान होणार नव्हतं.

"बाबा, एक फिल्म तुमच्या पवित्र पोटाला लावू का?"

"लाव की, पोरी!"

लावली, काढली, आणि त्यानं हात पुढं करायच्या आत आत्याच्या वाडग्यात बुडवली. फिल्म काळीकुट्ट!

"आगं माय! बाबातबी किरण?" शेजारची गुणाबाई ओरडली.

"ते वाडगं न्हवं... ते..." बाबाची बोबडी वळली.

मी टँकरच्या चाकाला फिल्म लावून त्याच वाडग्यात टाकली. तीही काळी. आत्याच्या पोटाला लावलेली नवी फिल्म मलप्पाच्या वाडग्यात टाकली, ती स्वच्छ.

"कागदातून काढली की फिल्म उजेडानंच वाया जाती," मी सांगितलं. "एका वाडग्यातलं औषध तिला काळं करतं, दुसऱ्यातलं धुऊन काढतं. कुठल्याबी फोटो स्टुडिओत बघा. आन् मशीन बंद झालं की किरण बंद. कंदील विझल्यावर अंगात उजेड ऱ्हातो का? आजूबाजूला लागलेल्या किरणांचा थोडा धोका असतो, पण तो माझ्या आत्याला. तुमच्या घागरीला न्हाई."

बाबा घाम पुसत टँकरकडं वळला. गुणाबाई आडवी आली. "लांब हो! टँकर नासंल!"

लोक हसले. मीही हसले, अगदी पोटभर.

मलप्पानं आत्याची घागर स्वतः भरली. "झालं गेलं इसरा, बाई."

"मी न्हाई इसरणार," मी म्हणाले. "आधी आत्याच्या हातचं प्या. सगळ्यांसमोर."

आत्यानं तांब्या पुढं केला. मलप्पानं इकडं तिकडं पाहिलं आणि तो मान खाली घालून पाणी प्यायला.

तुमच्याकडे असा कुणी बाबा आला तर नमस्कार नंतर करा, आधी वाडगी बदलायला लावा. आणि मशीनचे किरण घेऊन घरी परतलेल्या माणसाजवळ बसा, त्याच्या हातचं पाणी प्या. काही होत नाही.