रिकामा निळा डबा

इमारतीत चोवीस घरे होती आणि चोवीस घरांची मिळून एक कचराकुंडी. लोखंडी, उघडी, माणसाच्या छातीएवढी उंच. ती होती तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीपासून दोन हातांवर. कचऱ्याच्या गाडीला मागे वळायला तेवढीच जागा आहे, म्हणून कुंडी तिथे, असे पालिकेच्या कार्यालयाचे म्हणणे. कुंडी तिथे, म्हणून खिडकी बंद, हे काकूंचे. खिडकी नऊ वर्षे बंद होती. काकू भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत. कांदा परतल्याचा धूर बाहेरच्या खोलीत, काकांच्या शिलाई मशीनवरून फिरून, मग दाराने बाहेर जाई. नवे कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइके कापड नाकाशी नेऊन म्हणत, "आज काकूंनी लसूण जरा जास्तच घातलेला दिसतो."

त्या वर्षी कार्यालयाने सुका कचरा वेगळा गोळा करायची मोहीम काढली आणि ह्या रस्त्यावर एक बाई नेमली. ती घरोघरी निळे डबे वाटत फिरे, म्हणून पोरांनी तिचे नाव निळी ताई ठेवले आणि पंधरा दिवसांत मोठेही तेच म्हणू लागले. डबे चांगले निघाले. इतके चांगले, की पहिल्या आठवड्यात अकरा घरांत त्यात कांदे-बटाटे होते, चार घरांत खेळणी, आणि तिसऱ्या मजल्यावर एका घरात आजोबांची पुस्तके. निळ्या ताईने प्रत्येक घरी दोनदोनदा जाऊन कांदे बाहेर काढायला लावले. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा. धुवून, सुकवून, मंगळवारी सकाळी आठला जिन्याखाली. हे वाक्य ती दिवसाला चाळीस वेळा म्हणे आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच म्हणतेय अशा सुरात.

नियम सोपा होता. महिन्याभरात चोवीसही घरांचा डबा किमान एकदा काहीतरी घेऊन खाली आला, तर कुंडी उचलायची आणि ओल्या कचऱ्यासाठी रोज, सुक्यासाठी दर मंगळवारी गाडी दारात. एक घर जरी राहिले तर गाडी पलीकडच्या इमारतीला, आणि ह्यांचा नंबर पुढच्या वर्षी.

काकूंनी नियम ऐकला त्या दिवशी खिडकीच्या कडीला तेल घातले.

पहिल्या मंगळवारी एकोणीस डबे भरून आले, दुसऱ्या मंगळवारी आणखी चार घरांचे. उरले एक घर. निळ्या ताईच्या तक्त्यावर दोनच रकाने होते: 'डबा दिला' आणि 'डबा दिला नाही'. तळमजला, शिंपी, ह्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात दोन फुल्या पडल्या. डबा काका दर मंगळवारी पावणेआठलाच नेऊन ठेवत, पुसून, झाकण लावून. पण तो रिकामा असे.

"काका, आत काहीच नाही," निळी ताई म्हणाली.

"नसणारच. आमच्याकडे कचरा होत नाही."

"अहो, थोडासुद्धा?"

"ताई, तुम्ही घरोघरी काय सांगत फिरता? कचरा कमी करा, हेच ना? मी केला. आता कमी का केला म्हणून माझी उलटतपासणी!"

इमारतीतल्या लोकांना हे पटेना. कुंडी जावी असे प्रत्येकालाच वाटत होते आणि आता वाटेत एकच माणूस उभा होता, तोही ज्याच्या नाकाखाली कुंडी होती तो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात थांबून म्हणाले, "काका, एक बाटली टाका आणि मोकळे व्हा. कुणाचं काय जातंय?" काका म्हणाले, "मास्तर, कोऱ्या पेपरात स्वतःच उत्तर लिहून तुम्ही कधी मार्क दिलेत?" मास्तर वर गेले. पण मागे बोलणी चालू राहिली, आणि पाण्याच्या नळावर ती काकूंच्या कानावर पडली.

तिसऱ्या मंगळवारी निळी ताई आली तेव्हा काका डब्यात डोके घालून उभे होते. डब्यात बाळाच्या पावडरीचा एक डबा होता. धुतलेला, सुकवलेला, झाकणासकट.

काकांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चौसष्टाव्या वर्षी आपल्याकडे पाळणा हलला, आणि मला कुणी पेढासुद्धा दिला नाही."

आत भांड्यांचा आवाज वाढला.

इमारतीत तान्हे मूल एकाच घरात होते, दुसऱ्या मजल्यावर. काका डबा घेऊन जिना चढू लागले. निळी ताई तक्ता छातीशी धरून मागोमाग. दार उघडलेल्या तरुण आईच्या खांद्यावर मूल होते आणि डोळ्यांत झोप.

"हा तुमचा. चुकून आमच्यात पडला," काका म्हणाले.

"चुकून नाही हो काका. काकूच घेऊन गेल्या काल. म्हणाल्या, बटणं ठेवायला पाहिजे." मग तिने निळ्या ताईकडे पाहिले, तक्त्याकडे पाहिले, आणि तिच्या लक्षात आले. "मी काही बोललेच नाही असं समजा," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

काका खाली आले. काकू स्वयंपाकघरात दिव्याखाली उभ्या होत्या, पाठ करून.

"तीस वर्षांत कुणाच्या दारात चमचाभर साखर मागायला गेली नाहीस," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते खरोखरच चकित झाले होते. "आणि आता कचरा मागून आणलास?"

"आणला," काकू वळून म्हणाल्या. "तुमचं तत्त्व तुम्ही बाहेरच्या खोलीत बसून सांभाळता. तिथे दार आहे. ह्या खोलीत नऊ वर्षं मी आहे. मला ही खिडकी उघडलेली बघायची आहे, बास. त्यासाठी पावडरचा डबा काय, बाळ पण मागून आणलं असतं."

निळ्या ताईला हसू आवरणे कठीण गेले, पण तिने ते आवरले. त्या दिवशीही तिने फुली दुसऱ्याच रकान्यात मारली. पावडरीचा डबा दुसऱ्या मजल्याच्या खात्यावर गेला.

दुपारी ती कार्यालयात साहेबांपुढे उभी राहिली. ज्या घरातून काही निघतच नाही, त्या घराला तक्त्यात जागा नाही, असे तिचे म्हणणे. तिसरा रकाना हवा. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

"असं घर नसतं."

"मी बघितलंय, साहेब."

"तुम्ही डबा बघितलाय. घर नाही." साहेबांना कामाचा अनुभव वीस वर्षांचा होता आणि तो बोलण्यात उतरत असे. "महिन्याभरात त्या घरात काय काय आलं आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचं पुढे काय झालं, यादी करून आणा. खाली घरमालकाची सही. यादी पटली तर तिसऱ्या रकान्यावर मी सही करतो आणि कुंडी उचलतो. नाही पटली तर पुढचं वर्ष."

शेवटच्या मंगळवारच्या आदल्या दुपारी निळी ताई यादी करायला बसली. काकांनी मशीनवरचे काम बाजूला सारून तिच्यासाठी टेबल मोकळे केले होते आणि धुतलेला शर्ट घातला होता. आपल्या घराची सरकारी नोंद होणार, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. मास्तरांना त्यांनी सकाळीच जिन्यात गाठून सांगितले होते: "तिसरा रकाना काढताहेत. माझ्यासाठी."

यादी सुरू झाली. दूध? स्वतःची किटली नेतो. तेल? बरणी नेतो, दुकानदार भरून देतो. तांदूळ? कापडी पिशवी, मीच शिवलेली, दुकानातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांकडे माझ्याच पिशव्या आहेत. साबणाचे वेष्टन? त्यावर मापे लिहितो, हे बघा. त्यांनी खिळ्याला अडकवलेला गठ्ठा दाखवला. वेष्टनांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छाती, कंबर, उंची. वर्तमानपत्र? कापड बेतण्यासाठी. चिंध्या? मोठ्या असतील तर पायपुसणी, बारीक असतील तर उशीत. काकांनी उशी आणून दाबून दाखवली. ती दगडासारखी होती.

"मान दुखत नाही?" निळ्या ताईने विचारले.

"सवयीचा प्रश्न आहे."

"दुखते," आतून काकू म्हणाल्या.

भाज्यांची साले मागच्या झाडांच्या कुंड्यांत. मोडलेल्या सुया एका डबीत, डबी वर्षातून एकदा भंगारवाल्याला. काडेपेटी, मेणबत्ती, चहा, मीठ. निळी ताई लिहीत गेली. दोन पाने भरली. एवढी नीट यादी तिच्या पाहण्यात नव्हती; आपण बोलून दाखवतो ते सगळे कुणीतरी न सांगता करत आले आहे, ह्याचा तिला आनंद झाला आणि किंचित ओशाळल्यासारखेही झाले. शेवटचे चारपाच प्रश्न तिने छापील कागदावरून वाचले.

"औषधं?"

"दोघंही ठणठणीत."

"दात घासायला?"

"मंजन. जुन्याच डबीत सुटं भरून आणतो."

"केसांसाठी काही?"

काकांनी आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला. "माझ्याकडे बघून विचारताय?"

निळी ताई हसली. तिने शेवटचे वाक्य लिहिले आणि मोठ्याने वाचले: ह्या घरातून कोणताही कचरा बाहेर जात नाही. मग कागद काकांकडे फिरवला. काकांनी पेन उघडले, चष्मा सारखा केला आणि सही कुठे करायची ती जागा बोटाने शोधली.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. हात ओले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"सही करू नका. ते खरं नाही."

"काय खरं नाही?"

काकू आत गेल्या. पिठाचा डबा सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्याचे एक खोके होते. त्यावर काळ्याभोर केसांच्या एका बाईचे चित्र. खोक्यातून त्यांनी एक प्लास्टिकची बाटली आणि पत्र्याची पिळलेली नळी काढून टेबलावर, यादीच्या शेजारी ठेवली.

"महिन्याला एक," त्या निळ्या ताईला म्हणाल्या. नवऱ्याकडे त्या पाहत नव्हत्या. "हे गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले की लावते. मग खिडकी वीतभर उघडायची आणि कुंडीत टाकून लगेच लावून घ्यायची. ह्या महिन्यात तुम्ही सारख्या कुंडीपाशी उभ्या, म्हणून राहून गेलं."

निळी ताई हिशेब लावत होती. काकू गप्प राहिल्या असत्या तर यादी पटली असती, साहेबांनी सही केली असती, आणि कुंडी गेलीच असती. "काकू," ती हळूच म्हणाली, "नसतं सांगितलं तरी..."

"कळतं मला. पण ते सही करत होते ना." काकूंनी आता हात पुसायला काहीतरी शोधले आणि उशीलाच पुसले. "आयुष्यात एक खोटं माप लिहिलं नाही त्यांनी. माझ्यापायी खोट्या कागदावर सही कशाला?"

काकांनी बाटली उचलून पाहिली. मग त्यांनी पेनाला टोपण लावले.

"रंगाचं मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, तुझे कपडे कोण शिवतं? गळ्याच्या पट्टीला आतून काळा डाग कशाचा पडतो, हे शिंप्याला कळणार नाही? अकरा वर्षं झाली. तुला सांगायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही." पुढचे बोलायला त्यांना जास्त कष्ट पडले. "पण त्याचं खोकं कुठंतरी जात असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि मी सगळ्या जिन्याला ऐकवत होतो."

"म्हणूनच तर टाकता येईना डब्यात," काकू म्हणाल्या. "तुमची मान खाली गेली असती. म्हणून पावडर."

"म्हणजे स्वतःचा कचरा खिडकीतून बाहेर, आणि दुसऱ्याचा मागून आत!"

"झालं बोलून? घ्या हसून."

काका खरेच हसले, आणि मग काकूही. निळ्या ताईने दोन्ही पाने घडी करून पिशवीत ठेवली. बाटली धुवावी लागेल, नळी कापून उघडून धुवावी लागेल, खोके चपटे करून टाकायचे, एवढे तिने सांगितले. नळी काकांनी स्वतः कापली, कापडाच्या कात्रीने नाही, जुन्या कात्रीने. हा फरक त्यांनी ताईला दोनदा समजावला.

मंगळवारी पावणेआठला डबा जिन्याखाली आला. मास्तर मुद्दाम खाली उतरले होते. त्यांनी झाकण उचलून पाहिले आणि खोक्यावरच्या बाईकडे पाहून भुवया उंचावल्या. "काका, तुम्हाला रंग?"

"घरातला आहे," काका म्हणाले. "तिसरा रकाना रद्द. लिहा ताई, डबा दिला."

निळ्या ताईने पहिल्या रकान्यात बरोबरची खूण केली. चोवीस. यादी तिने तरीही साहेबांपुढे ठेवली, कुठेतरी असे घर असू शकते म्हणून. साहेबांनी ती पूर्ण वाचली, साबणाच्या वेष्टनांपाशी थांबून पुन्हा वाचली, आणि फाइलमध्ये लावली. तक्त्याला अजून दोनच रकाने आहेत.

कुंडी शनिवारी उचलली. साखळीने बांधून ट्रकवर चढवायला वीस मिनिटे लागली. खालची जमीन काळी होती. ती दोन वेळा धुतली तरी वास आठवडाभर राहिला. काकूंनी आठवडा मोजून काढला आणि आठव्या दिवशी सकाळी खिडकी उघडली. समोर पाहण्यासारखे काही नव्हते. पलीकडच्या इमारतीची भिंत, दोन सायकली, वर वाळत घातलेल्या चादरी. उजेड मात्र ओट्यावर थेट येत होता. काकूंनी दिवा मालवला, स्टूल खिडकीशी ओढले आणि शेंगा सोलायला घेतल्या.

दुसऱ्या मजल्यावर बाळ रडू लागले. खाली कुणीतरी सायकल काढताना दुसरी पाडली आणि त्यावरून दोघांचे जुंपले. काका मशीन थांबवून दारात आले.

"फार आवाज येतो गं इथून. लावून घेऊ का?"

"हात तर लावून बघा," काकू म्हणाल्या.