खुर्चीवर 'पण' चालत नाही

सगळा वर्ग ज्याला पोपट म्हणे त्या मुलाने डबा उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. एकही चिठ्ठी पडली नाही.

"संपला, बाई! सगळ्यांचा नंबर लागून गेला."

"सगळ्यांचा," इतिहासाच्या बाई म्हणाल्या आणि समाधानाने हात झटकले. खडूची पूड उन्हात उडाली.

मागच्या बाकावर, खिडकीशी बसलेल्या मुलीने मान खाली घातली. सगळ्यांचा म्हणे! वर्गात ती नव्हती की काय? हजेरीत रोज तिचं नाव पुकारत होते, ती रोज 'हजर' म्हणत होती. सातवीच्या वर्षाचा हा इतिहासाचा शेवटचा तास, आणि उद्या सकाळी तर तिच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं. आज नाही तर कधीच नाही.

काय नाही, ते सांगायला हवं. त्या वर्गात राज्याचा इतिहास आणि राज्यकारभार एका खुर्चीवर बसून शिकला जाई. ऑफिसातून टाकून दिलेली, एक हात मोडलेली लाकडी खुर्ची फळ्यासमोर ठेवायची. डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याने राज्यातलं एखादं थोर माणूस होऊन तिथे बसायचं. राजा, इंजिनियर, मुख्यमंत्री, सभापती, कोणीही. कर्तृत्व काय, पोपटसुद्धा पाठ करून सांगेल, आणि आपला पोपट तर सांगायचाच. खरी मेख पुढे होती. त्या थोर माणसाची एक चूक शोधून आणायची आणि 'मी अमुक, माझ्याकडून एक चूक झाली' असं म्हणून ती वर्गापुढे कबूल करायची. मग वर्ग प्रश्न विचारणार. उत्तर देताना बंदी एकच. 'पण' म्हणायचं नाही. तोंडातून 'पण' निसटला रे निसटला, की अख्खा वर्ग बाकांवर थाप मारून ओरडे, "पण!" शेजारच्या वर्गातले गणिताचे सर एकदा तणतणत तक्रार घेऊन आले, ते दारातच उभे राहिले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत.

"थोर माणसांच्या चुका कशाला काढायच्या, बाई?" पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं होतं.

"अरे, ज्याने काही केलंच नाही त्याच्या हातून चूक तरी कशी होणार? चूक ऐकूनही माणूस मोठा वाटला, तर तो खरा मोठा. नाहीतर नुसता फोटो."

काय शिकवायच्या त्या बाई! नदीकाठी राजधानी वसवणारा राजा वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीने असा काही केला होता की बघत राहावं. पुराचं पाणी कुठवर येतं ते मी नावाड्यांना विचारलं नाही, आणि माझी राजधानी बुडाली, असं ती म्हणाली, आणि पोपटाने उठून विचारलं, "मग महाराज, पोहता येतं का?" सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि हसता हसता राजधानी दुसऱ्यांदा टेकडीवर का बांधली ते कोणाला पाठ करावं लागलं नाही.

खिडकीशी बसणाऱ्या मुलीने असल्या बाई आधी कुठे पाहिल्या नव्हत्या, आणि तिने शाळा काही कमी पाहिल्या नव्हत्या. तिचे वडील पुलांच्या कामावर वेल्डर. पूल जिथे, बिऱ्हाड तिथे. एका राज्यातल्या शाळेत राजे शिकून झाले आणि मंत्री यायच्या आत बिऱ्हाड हललं. दुसऱ्या राज्यात पोहोचली तर तिथे राजे आधीच होऊन गेलेले. तिच्याजवळ कुठल्याच राज्याचा अख्खा इतिहास नव्हता, नुसते अर्धे-अर्धे तुकडे होते.

इथे पहिल्या दिवशी बाईंनी हे सगळं ऐकलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे तू आमची पाहुणी गं! इथले राजे, इथले मंत्री तुला कुठले माहीत असायला? तुझी चिठ्ठी नाही टाकत मी डब्यात. तू आपली निवांत बस आणि ऐक."

आणि खिडकीजवळची, वाऱ्याची जागा तिला दिली. इतक्या मायेने तिला कुठल्या शाळेत कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी ती घरी नाचत गेली. तेव्हापासून वर्गात तिचं नाव पाहुणी पडलं.

पाहुणी निवांत बसली आणि ऐकत राहिली. दुसऱ्यांच्या 'पण'ला तिने बाकावर थापा मारल्या, तळवे लाल होईपर्यंत मारल्या. घरी आली की पत्र्याच्या पेटीवर बसून ती एकेक थोर माणूस व्हायची. आई समोर भाजी चिरत ऐकायची. धरण बांधणारे इंजिनियर आईला फार आवडले होते.

आज सकाळी वेणी घालताना आईने विचारलं होतं, "आज तरी सांगशील का बाईंना?"

"बाईंना वाईट वाटलं तर?"

"वाटू दे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"त्या फार चांगल्या आहेत गं."

"मग तर घाबरायचं कारणच नाही," आई म्हणाली आणि वेणी घट्ट ओढली.

तेवढ्यात वर्गात एकदम हलकल्लोळ झाला. पोपट बाकावर चढला होता.

"बाई, तुमचा नंबर राहिला! तुमची चिठ्ठी कुठाय?"

"खाली उतर आधी, मेल्या. मी कुठली थोर?"

"थोर नाही तर नाही. चुका तर असतील!"

वर्गाने बाई, बाई, बाई असा एकच घोष लावला. बाईंनी 'काय बाई ही पोरं' असं तोंड केलं, खुर्चीवर येऊन बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. "मी इतिहासाची बाई. माझ्याकडून एक चूक झाली. कुठली, ते मात्र तुम्ही सांगा, मला मेलं काही आठवेना."

"खेळाचा तास दोनदा इतिहासाला घेतलात," पोपट म्हणाला.

"घेतला. चुकलं माझं. पण सभागृहाचं कामकाज..."

"पण!" चाळीस तळवे बाकांवर आदळले. बाईंनी जीभ चावली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पाहुणीनेही थाप मारली होती. हात बाकावरच होता. आपण आता काही बोललो तर हे हसणं विझणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. गप्प बसलो तर बाई जाताना नक्की जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील, आणि ती आयुष्यभर या राज्यात पाहुणी म्हणून राहून गेलेली मुलगी असेल. ती उठून उभी राहिली.

"बोल की गं," बाई अजून हसतच होत्या.

"बाई, तुम्ही डब्यात माझी चिठ्ठी टाकली नाहीत."

हसणं थांबलं. पोपटाने उगाच पुन्हा एकदा डब्यात डोकावून पाहिलं, जणू कोपऱ्यात कुठेतरी सापडेल.

"अगं, तुला सगळं नवीन होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, कशाला पोरीवर ओझं. तुझ्या भल्यासाठीच मी तुला..."

बाईंचे ओठ पुढच्या शब्दासाठी मिटले आणि तसेच राहिले. सगळ्या वर्गाचे हात थापेसाठी वर गेले होते. कोणाचाही हात खाली आला नाही. पोपटाचासुद्धा नाही.

पाहुणीला रडू येऊ लागलं. जाऊ दे बाई, काही नाही, असं म्हणून खाली बसावंसं वाटलं. तसं म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते. ती तशीच उभी राहिली.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "मी इतिहासाची बाई," त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. "माझ्याकडून एक चूक झाली. वर्गातल्या एका मुलीला मी वर्षभर पाहुणी म्हणून बसवून ठेवलं. तुला बसायचंय का खुर्चीवर, हे तिला एकदाही विचारलं नाही."

एवढंच म्हणाल्या. त्यापुढे काही जोडलं नाही. मग उठल्या, फळा पुसायच्या फडक्याने खुर्ची पुसायला गेल्या आणि ती आणखी पांढरी करून ठेवली.

"कोण होणार तू?"

"कोण होऊ?"

"तुला कोण येतं?"

"सगळे येतात," पाहुणी म्हणाली. "राजापासून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे हात केला. पाहुणी रांगेतून पुढे आली. बाई त्याच रांगेतून मागे गेल्या आणि खिडकीशी, पाहुणीच्या जागेवर, बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसल्या.

खुर्ची वाटली होती त्यापेक्षा उंच होती. इथून सगळा वर्ग दिसत होता. पेटीवरून नुसती आई दिसायची.

"मी या राज्याची पहिली महिला सभापती," ती म्हणाली. विधेयक सभागृहात येतं कसं, तीनदा वाचलं का जातं, दोन्ही बाजूंना बोलू देणं हेच सभापतीचं काम कसं, आणि स्वतःच्या पक्षाचा मंत्री वेळ संपल्यावरही बोलत राहिला तेव्हा तिने त्याला खाली कसं बसवलं, सगळं सांगितलं. डॉक्टरांची मुलगी हनुवटीला हात लावून ऐकत होती.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

पाहुणी क्षणभर गडबडली. मग तिच्यातली सभापती म्हणाली, "मागच्या बाकावरच्या सदस्यांनी बोलावं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "सभापती महोदया, आपली चूक सभागृहाला कळावी."

"माझ्याकडून एक चूक झाली. धरणाच्या विधेयकावर चर्चा चालली होती. वर गॅलरीत लोक बसले होते, त्यांनी गोंगाट केला. मी सगळ्यांना बाहेर काढलं. ज्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती तीच माणसं होती ती. त्यांच्या जमिनीचं बोलणं त्यांच्या माघारी झालं."

"का काढलंत बाहेर?" पोपट. या वेळी चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तसा नियम होता."

"नियमापेक्षा माणसं मोठी नव्हती?" डॉक्टरांची मुलगी.

"होती. मला ते घरी गेल्यावर कळलं."

"मग काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी मी स्वतः फाटकाशी गेले. लोक अजून तिथेच बसले होते. त्यांना आत घेऊन आले, पुढे बसवलं. चर्चा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली." पाहुणी आता खुर्चीच्या धड असलेल्या हातावर टेकून पुढे वाकली होती, वर्ग विसरली होती, उद्याचा ट्रक विसरली होती. "मंत्री माझ्यावर खूप चिडले. चिडले, पण..."

तिने तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

"पण!"

सगळ्या बाकांवर एकदम थाप पडली. खिडक्यांची तावदानं थरथरली. वर्षभर तिने ही थाप दुसऱ्यांसाठी मारली होती. स्वतःसाठी ऐकली ती आज. पोपट तर दोन्ही हातांनी बडवत होता, तोंडाने ढोल वाजवल्यासारखा आवाज काढत होता, आणि तरी सगळ्यांत मोठा धडाका येत होता तो खिडकीजवळच्या मागच्या बाकावरून.

पाहुणीचे कान लाल झाले. तिला हसू आवरेना. तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"शांतता!" सभापती ओरडल्या. "सभागृहात शांतता!"

कोणी ऐकेल तर शपथ. मागच्या बाकावरच्या सदस्या तर मुळीच ऐकेनात.