घरात कोणी नाही

माझी पुतणी छकुली बावन्न वर्षांची आहे आणि तिच्या हाताखाली दोनशे माणसं काम करतात. त्यांना ती कशी वागवते ते मला ठाऊक नाही, पण आम्हां दोघा भावांना ती त्याच खात्यात धरते. तिचे वडील म्हणजे माझा दादा, वय एकोणऐंशी. तो तळमजल्यावर एकटा राहतो, आम्ही नवराबायको वरच्या मजल्यावर. दोन महिन्यांपूर्वी दादा न्हाणीघरात घसरून पडला आणि मी वर्तमानपत्र परत करायला खाली उतरेपर्यंत पाच तास तिथेच पडून राहिला. मला पाहून म्हणाला, "शब्दकोडं अर्धंच ठेवलंयस ना?" हाड मोडलं नव्हतं. पण ही हकीकत छकुलीला कळली, आणि ती कळवणारा मीच, याबद्दल दादाने मला अजून माफ केलेलं नाही.

छकुली तिच्या शहरातून आली ती एक मोठी रिकामी बॅग घेऊनच. एक तर घरात लक्ष ठेवणारी यंत्रणा बसेल आणि चोख चालेल, नाहीतर रविवारी दादा तिच्या अकराव्या मजल्यावर राहायला जाईल, असं फर्मान निघालं. दादाला अकरावा मजला नको होता. "तिथल्या खिडकीतून नुसत्या खिडक्याच दिसतात," एवढंच तो म्हणाला आणि गप्प बसला. दादाचा विरोध नेहमी असाच असतो. विरोध झाला हे समोरच्याला संध्याकाळी कळतं.

शुक्रवारी सकाळी अलार्मवाल्या बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, खांद्यावर घडीची शिडी, कमरेला हत्यारांचा पट्टा, कानामागे खडू. छकुलीने त्यांच्या हातात यादी ठेवली. यादीत आठ कॅमेरे होते. आमच्या गल्लीतल्या बँकेत सहा आहेत.

बाईंनी यादी शांतपणे वाचली. "मॅडम, तुम्हाला चोर बाहेर ठेवायचाय की वडील आत?"

"मला फक्त ते बरे आहेत एवढं कळायला हवं."

"मग दाराबाहेर एक कॅमेरा पुरे. आत कॅमेरे नकोत, आत सेन्सर." त्यांनी साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी काढली. "यात चित्र दिसत नाही. कोणी हललं एवढंच याला कळतं. दिवसा तीन तास घरात काहीच हललं नाही, तर आमच्या केंद्रातून आधी आजोबांना फोन, मग वरच्या काकांना, मग तुम्हाला."

"माझ्या आधी काकांना?"

"काका जिना उतरतील. तुम्हाला विमान पकडावं लागेल."

या बाईंबद्दल मला आदर वाटू लागला तो इथपासून. छकुलीला निरुत्तर झालेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तिच्या तोंडात पेढ्याएवढा खोडरबर होता.

दादाने एकच प्रश्न विचारला. "बनियनवर बसलेला चालतो का त्याला?"

"त्याला तुमच्या अंगाची ऊब दिसते आजोबा, बनियन दिसत नाही."

"मग बसवा."

बाईंनी बैठकीच्या कोपऱ्यात, छताखाली, ती डबी तात्पुरती टेपने चिकटवली. तिथून बैठक, मधला बोळ आणि त्याच्या टोकाचं स्वयंपाकघराचं दार, सगळं एका नजरेत येत होतं. मग चाचणी. पद्धत सोपी होती: एकेकाने घरातून चालायचं, डबीवरचा लाल दिवा लुकलुकला की झालं. बाई चालल्या, दिवा लुकलुकला. मी चाललो, लुकलुकला. छकुली चालली तेव्हा तर तो दचकल्यासारखा तीनदा लागला.

"आता घरात फक्त आजोबा," बाई म्हणाल्या. दादाच्या परवानगीने त्यांनी अर्ध्या तासासाठी एक छोटा कॅमेरा टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. बाईंच्या एका फोनवर घराचं चित्र होतं, दुसऱ्यावर केंद्रातली मुलगी.

चित्रात दादा स्वयंपाकघरातून निघाला, बोळातून बैठकीत आला, खुर्चीत बसला. उठला, खिडकी लावली, पुन्हा आत गेला. पाण्याचा पेला घेऊन परत आला.

"काय दिसतंय?" बाईंनी केंद्राला विचारलं.

"काही नाही मॅडम. घर रिकामं आहे."

बाईंनी आत जाऊन डबीची बॅटरी बदलली. दादा पुन्हा चालला. घर पुन्हा रिकामं. मग त्यांनी डबीच बदलली. तिसऱ्या खेपेला त्यांनी फोन दादाच्याच हातात दिला.

"मी घरात आहे," दादा म्हणाला.

"नाही सर," ती मुलगी अदबीने म्हणाली, "तुम्ही नाही आहात."

दादाने फोन परत केला. त्याचा चेहरा पडला होता. छकुली माझ्याकडे वळली. "बघितलंत काका? उद्या हे पडले काय, उभे राहिले काय, त्या केंद्राला सारखंच. मी रविवारची दोन तिकिटं काढते."

आपला सख्खा भाऊ चालता-बोलता असून नाहीये, असं एका यंत्राने तीनदा सांगितल्यावर माणूस काय बोलणार?

बाई मात्र पायरीवरून हलल्या नाहीत. मघाचं चित्र त्यांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "काका, हे चालणं तुम्ही कधी नीट बघितलंय?"

चौऱ्याहत्तर वर्षं मी दादाला चालताना पाहत आलो आहे. म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं. तो बोळाच्या मधून येत नव्हता. डाव्या भिंतीला खांदा लागेल न लागेल असा येत होता. पाऊल आधी कडेवर टेकायचं, मग सावकाश सपाट व्हायचं, आणि ते पूर्ण विसावल्याशिवाय दुसरं उचललं जायचं नाही. एका ठिकाणी त्याने काहीही नसताना लांब ढांग टाकली. झोपायच्या खोलीच्या दारापाशी तर तो जवळजवळ थांबला, आणि तरी पुढे गेला. पेल्यातलं पाणी हललं नाही.

"एकोणीस वर्षं मी ही डबी बसवतेय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हिला चुकवायला लोकांनी काय काय केलं ते बघितलंय. रांगून झालं, चादर पांघरून झालं. हिच्यासमोरून आडवं गेलं की हिला लगेच कळतं. सरळ हिच्याच दिशेने, अगदी हळू आलं, तरच ही फसते. पण असं सबंध घर पार करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

आम्ही आत गेलो. "आजोबा, तुम्ही असं का चालता?"

"कसं?" दादा म्हणाला. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

बाई बोळाच्या मधून चालल्या. एक फरशी टक्‌ वाजली. पुढची दोन पावलं सोडून आणखी एक.

"त्या मधल्यावर पाय नाही द्यायचा," दादा लगेच म्हणाला. "अशा अकरा फरश्या वाजतात. दारापाशी एक आहे ती कुरकुरते." आणि मग, पत्ता सांगावा तसं, "ही दिवसा झोपायची ना."

ही म्हणजे वहिनी. वहिनींना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या इस्पितळात परिचारिका होत्या आणि एकतीस वर्षं त्यांनी रात्रपाळी केली. दादा छापखान्यात पहाटेच्या पाळीला. तो एक वाजता घरी यायचा तेव्हा वहिनी गाढ झोपेत असायच्या, आणि त्या उठायच्या साडेपाचला. त्याच्या आत दादा दुसऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायला गेलेला असायचा.

बाईंनी कानामागचा खडू काढला. "आजोबा, पुन्हा चाला. मी मागून येते."

दादा चालला आणि त्याच्या मागे बाई उकिडव्या सरकत फरशीवर रेघ ओढत गेल्या. स्वयंपाकघरापासून भिंतीकडेने, वाजणाऱ्या फरश्या टाळत, झोपायच्या खोलीच्या दाराला वळसा घालून, कपाटाच्या मागून. रेघ खुर्चीशी संपेल असं मला वाटलं होतं. ती एका ठिकाणी फुटून बैठकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दिवाणाशी गेली, आणि तिथून परत आली.

"इथे का?" बाईंनी विचारलं.

"इथे ही झोपायची. शाळेतून आल्यावर." दादाने छकुलीकडे बोट दाखवलं.

छकुली रेघेकडे पाहत होती. "दुपारी तुम्ही घरी नसायचात," ती म्हणाली.

"मग कुठे असणार?"

"मी उठायचे तेव्हा कोणी नसायचं. उशाशी दूध असायचं फक्त. झाकलेलं. आणि अंगावर पांघरूण. ते आई…"

"तुझी आई झोपलेली असायची, बाळ."

"रोज?"

"रविवारी तू बाहेर खेळायला जायचीस."

मी आयुष्यभर विनोदी लेखांतून माणसांची थट्टा करून पोट भरलं. पण त्या खडूच्या रेघेसमोर मला एक ओळ सुचेना. एवढीशी बैठक, तीत मी हजारदा बसून बडबडून गेलो होतो, त्याच फरश्यांवरून, मधूनच, टकटक चालत. आणि हा माणूस वर्षानुवर्षं रोज दुपारी दोन जणींच्या झोपेतून आरपार जात होता, दोघींपैकी एकीचाही श्वास न बदलता.

बाईंनी छताखालची डबी काढली. तीन लहान डब्या घेतल्या आणि रेघेच्या आजूबाजूच्या भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर चिकटवल्या, अशा की दादा कसाही गेला तरी त्यांच्यासमोरून आडवाच जाईल. "आता आजोबांच्या रस्त्यावर आल्यात या," त्या म्हणाल्या. "त्यांनी बदलायचं काही नाही." केंद्राला फोन लावून त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या.

छकुली बाहेर गेली नाही. ती झोपायच्या खोलीत गेली, पलंगावर वहिनी झोपायच्या त्या बाजूला बसली आणि मला म्हणाली, "दार लावून घ्या काका." मी लावलं. तिच्या फोनवर त्या तीन डब्यांची नावं होती, तिन्ही करडी: स्वयंपाकघर, बोळ, बैठक.

आम्ही कान लावून बसलो. पंखा बंद होता. रस्त्यावरून एक सायकल गेली. घरातून काहीही ऐकू आलं नाही, पाऊल नाही, कापडाची सळसळ नाही. आपण रिकाम्या घरात बसलोय असं मी शपथेवर सांगितलं असतं.

स्वयंपाकघर हिरवं झालं.

छकुलीने फोन दोन्ही हातांत धरला. बराच वेळ गेला. बोळ हिरवा झाला. म्हणजे तो आत्ता दाराच्या पलीकडे होता, दोन हातांवर. दाराखालच्या फटीतला उजेड किंचित मंदावला आणि पुन्हा आला.

मग बैठक.

बाहेर बाईंच्या फोनवरून त्या मुलीचा आवाज आला. "मॅडम, घरात कोणीतरी आहे."

छकुलीने डोळे पुसले, ते साहेबासारखेच, एका फटक्यात. दार उघडून ती बैठकीत गेली. दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर हात ठेवून, निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखा.

"टेप नको," ती बाईंना म्हणाली. "पक्क्या बसवा."

बाईंनी पेटीतून ड्रिल काढलं, बटण दाबणार तेवढ्यात थांबल्या. "आवाज होईल हं, आजोबा."

दादाने झोपायच्या खोलीच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं.

"होऊ दे," तो म्हणाला.