तंबाखूचा ठसका

"हे पाय, माहं ताट वेगळं, गिलास वेगळा. कोणाले हात नाई लावू देत," वच्छलाबाईंनी मोठ्या अभिमानाने आरोग्य खात्याच्या आशाताई असलेल्या सुशिलाबाईंना दाखवलं. वच्छलाबाईंना टीबी निघून आठवडाही झाला नव्हता, पण शिस्त अशी, की लष्करातल्या माणसाने सलाम ठोकावा.

सुशिलाबाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकू, ताटानं नाई होत हे. खोकलं का हवेत जाते, अन् दुसऱ्याच्या श्वासात शिरते. बिड्या कुठं बसून वळता?"

"याच खोलीत. दार-खिडकी लावून. वाऱ्यानं तंबाखू उडते ना व."

"अन् आचल?"

वच्छलाबाईंची नजर आचलकडे गेली. नात तीन वर्षांची, आजीचं शेपूट. दिवाळीपासून या बंद खोलीत ती त्यांच्या मांडीला टेकून तेंदूच्या पानांशी खेळत होती आणि त्या खोकत होत्या. तंबाखूचा ठसका आहे, बिडीवाल्यांच्या घरात कोण खोकत नाही, असं सारा मोहल्ला म्हणायचा. त्याही तेच म्हणायच्या. आज सकाळपासून मात्र पोरगी खोकत होती, अंगही तापलं होतं.

सून रीता पोरीला घेऊन लगोलग गोंदियाच्या दवाखान्यात गेली. वच्छलाबाईंनी दार-खिडकी सताड उघडली आणि बिड्यांचं सूप मांडीवर घेतलं. डोळे मिटून बिड्या वळणारे हात, पण आज त्यांना धागासुद्धा बांधता येईना. तंबाखू घरभर उडाली. उडू दे मेली! आपण पोरीला आपल्या ताटातला घास भरवला नाही, पण श्वासातून विष पाजलं, हेच मनात घुमत होतं. देवाला तरी कोणत्या तोंडाने साकडं घालायचं?

उन्हं कलली तेव्हा रीता अंगणात आली.

"आई, छातीचा फोटो साफ हाय. साधी सर्दी हाय म्हणे. पण खबरदारी म्हणून तिले बी गोळ्या द्या लागतीन."

वच्छलाबाईंना रडू आवरेना. तेवढ्यात आचल आईच्या कडेवरून घसरली आणि हात पसरून धावत सुटली. त्यांचेही हात आपसूक पुढे झाले. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि तळहात आडवा धरला.

"तिथंच थांब, माय."

आजीचं एक अक्षर कधी न ऐकणारी ती पोर अंगणाच्या मध्यावर थांबली.