कास्काझीचं पाणी

नरेश ओव्हाळ रागावला की गप्प बसायचा, आणि तो गप्प बसला की घरातले जपून वावरायचे. आरडाओरडा करणारा माणूस अर्ध्या तासात मोकळा होतो. नरेशचा राग आत मुरत राहायचा. २००७ सालच्या जुलैत तो मुरला पाण्यावरून, आणि त्याची किंमत भलत्यानंच मोजली.

तसा नरेश पाण्यातलाच माणूस. पाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, सिंगापुरात नऊ वर्षं, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळालेला, चोआ चू कांगला फ्लॅट. फुटबॉलचं वेड कॉलेजपासूनचं. त्या जुलैत सहा परदेशी क्लबांची निमंत्रित स्पर्धा भरली, तेव्हा त्यानं हौसेनं लिएझन म्हणून नाव दिलं. एका संघाला विमानतळावरून आणायचं, हॉटेल, बस, मैदान सगळं बघायचं. काम फुकटचं, पण गळ्यात ओळखपत्र अडकवून मैदानाच्या कडेला उभं राहायला मिळतं, एवढ्यावर आपला माणूस खूश.

त्याच्या वाट्याला आला मोंबासाचा कास्काझी स्पोर्ट्स क्लब. कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा. याच वाऱ्यावर पूर्वी आपल्याकडची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची, असं क्लबच्या मॅनेजरनं विमानतळावरच सांगितलं. मॅनेजर मनोहरभाई, साठीचे, मूळचे काठेवाडचे, पण तीन पिढ्या मोंबासात गेलेल्या. हिंदी बोलायचे तेही तिकडेच तयार झालेलं.

पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत मनोहरभाई कसलासा फॉर्म भरत होते. नरेशच्या ओळखपत्राकडे बघून त्यांनी विचारलं, "ओव्हाळ? ये ओव्हाळ कौन होते हैं?"

हा प्रश्न नरेशनं अडतीस वर्षांत नाना आवाजांत ऐकला होता. हॉस्टेलमध्ये ऐकला, पहिल्या नोकरीत ऐकला. सिंगापुरात एका दिवाळी पार्टीत हातातली चकली तोंडापर्यंत नेता नेता थांबून एका बाईंनी विचारलेला तर त्याला अजून पाठ होता. उत्तर ठरलेलं होतं.

"महाड के पास के," तो म्हणाला.

"अच्छा," मनोहरभाई म्हणाले आणि पुन्हा फॉर्ममध्ये बुडाले.

तो 'अच्छा' नरेश घरी घेऊन आला. रात्रभर तो उशाशी होता.

दुसरा दिवस रविवार. सामना चारचा. मैदान भाड्याचं, जुनं. कपडे बदलायच्या खोलीमागे एक स्टोअररूम, तिच्यात बर्फाचं मशीन आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. तिची एकच चावी, ती लिएझनकडे. नरेश एक वाजताच पोचला होता. त्यानं बावीस बाटल्या स्वतः विसळल्या, अर्ध्या बर्फानं भरल्या, वर पाणी घातलं आणि बाकाजवळ दोन रांगांत मांडल्या. पाण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे दाखवायची त्याला हौसही होती.

संघाबरोबर हमीसी आला. पन्नाशीचा, काटकुळा, कमरेला टॉवेल खोचलेला. हा क्लबचा पाणीवाला. खेळाडू त्याला मान देऊन 'म्झे' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे गावात 'बाबा' म्हणतील तसं. त्यानं बाटल्यांकडे पाहिलं, नरेशकडे पाहून हसला आणि मनोहरभाईंना हाक मारली. मनोहरभाई लांबूनच दोन शब्द बोलले. मग हमीसीनं एकेक झाकण उघडलं आणि बावीसच्या बावीस बाटल्या गवतावर ओतल्या. रिकाम्या बाटल्या नीट कडेला ठेवल्या आणि बसमधून स्वतः भरून आणलेले दोन कॅन उतरवून घेतले.

बर्फाचे तुकडे गवतात चमकत राहिले. जाता जाता मनोहरभाईंनी नरेशच्या खांद्यावर थोपटलं. "बुरा मत मानना. हमारे में ऐसा ही चलता है."

आमच्यात असंच असतं. हे वाक्य तर नरेशच्या घरात पिढीजात होतं. त्याचे आजोबा सत्तावीस सालच्या मार्चात महाडला चवदार तळ्यावर गेले होते, ओंजळभर पाणी प्यायले होते आणि परत येताना डोकं फोडून घेऊन आले होते. आमच्यात असंच असतं, एवढंच त्यांनाही सांगण्यात आलं होतं. नरेशची आई, कमलाबाई, सासऱ्यांची ती गोष्ट दरवर्षी सांगायची. त्या ओंजळीनंतर ऐंशी वर्षांनी, समुद्रापलीकडे, पाण्याचा इंजिनिअर झालेल्या नातवाच्या हातचं पाणी जमिनीवर ओतलं गेलं होतं. आडनाव विचारून ओतलं गेलं होतं.

नरेशनं काही विचारलं नाही. तिथंच विचारलं असतं तर ही गोष्ट इथं संपली असती. पण विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं स्टोअररूमला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली.

उकाडा असा की उभ्या उभ्या शर्ट अंगाला चिकटावा. मोंबासाची पोरं उन्हाला सरावलेली खरी, पण दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेली, आणि पहिलाच सामना म्हणून जीव तोडून पळत होती. मध्यंतरापर्यंत हमीसीचे दोन्ही कॅन तळाला गेले. रिकामा कॅन घेऊन तो नरेशकडे आला.

"बॉस. माजी. बराफू."

माजी म्हणजे पाणी, हे नरेश दोन दिवसांत शिकला होता. बराफू कुणी शिकवायची गरज नव्हती. हमीसीनं स्टोअररूमकडे बोट दाखवलं आणि हवेत चावी फिरवून दाखवली.

नरेशचा हात खिशात होता. चावी बोटांना लागत होती.

"माझ्याकडे नाही," तो इंग्रजीत म्हणाला आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला हात केला. "ऑफिस."

ऑफिस रविवारी बंद असतं हे त्याला ठाऊक होतं. हमीसी कॅन घेऊन पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, पायात रबरी चपला, अख्ख्या मैदानाला वळसा. त्याच्याकडे बघताना नरेशला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलं बरं वाटलं.

बंद ऑफिसचं दार वाजवून, कुणी भेटतं का ते बराच वेळ शोधून, मग पलीकडच्या टॉयलेटच्या बेसिनमधून अर्धा कॅन कोमट पाणी भरून हमीसी परत आला, तेव्हा उत्तरार्ध निम्मा होत आला होता. तो पोचायच्या आतच डाव्या बाजूचा बचावपटू बकारी पळता पळता वाकडा झाला, खाली बसला आणि आडवा पडला. तेवीस वर्षांचा पोरगा. अंग भाजत होतं पण घाम नव्हता, आणि तो कुणाशी तरी भलतंच काही बोलत होता.

मग मात्र नरेश धावला. स्टोअररूम उघडली, बादल्या भरभरून बर्फ आणला, बकारीच्या मानेला, काखेत लावला. त्या गडबडीत चावी कुठून आली हे कुणीच विचारलं नाही. अँब्युलन्स गेली. नरेश वळला तर दाराच्या कुलपात चावी लटकत होती, आणि हमीसी दारापाशी उभा होता. त्यानं ती पाहिली की नाही, नरेशला कळलं नाही.

बकारी तीन दिवस आयसीयूत होता. चौथ्या दिवशी त्यानं आईचं नाव घेतलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण मूत्रपिंडांना मार बसला होता. जगेल, हिंडेल, फिरेल, पण व्यावसायिक फुटबॉल विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आयोजकांनी नरेशकडून लेखी रिपोर्ट घेतला. त्यानं लिहिलं, मी थंड पाण्याच्या बावीस बाटल्या पुरवल्या होत्या, संघानं त्या वापरल्या नाहीत. सहीला चार साक्षीदार मिळाले. हमीसीला त्या दिवशीच कामावरून काढल्याचं मोंबासाहून कळलं. पाणी पुरवणं त्याचं काम, पाणी संपलं तेव्हा तो जागेवर नव्हता. हिशेब साधा होता.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मनोहरभाई आपणहून बोलायला लागले. एकोणीस वर्षांपूर्वी कास्काझी बाहेरगावी खेळायला गेला होता. यजमानांनी दिलेलं पाणी पिऊन सात जण आजारी पडले आणि गोलकीपर गेला. पाण्यात काय होतं ते कधीच कळलं नाही. तो गोलकीपर हमीसीचा धाकटा भाऊ. तेव्हापासून हमीसी क्लबचं पाणी भरतो, आणि सामन्याच्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं नळाखाली धरून भरलेलं पाणी सोडून कुणी दुसरं पाणी पीत नाही. "मेरे हाथ का भी नहीं," मनोहरभाई म्हणाले. "मेरे को भी फेंक देता है."

"आपने मेरा नाम पूछा था," नरेश म्हणाला. "उस शाम."

मनोहरभाईंना आठवायला वेळ लागला. "हां. फॉर्म में लिखना था. मुझे लगा, तुम पारसी हो."

घरी नरेश दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यानं बायकोला, जान्हवीला, आणि आईला सगळं सांगितलं, चावीसकट. कमलाबाई तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेली होती. बाटल्या ओतल्याचं तिला आधीच माहीत होतं, आणि त्या आफ्रिकावाल्यांना तिनं मनसोक्त शिव्याही घालून झाल्या होत्या.

जान्हवी म्हणाली, "रिपोर्टमध्ये खोटं एकही वाक्य नाही ना? मग कशाला उकरून काढतोस? पोलिसांपर्यंत गेलं तर? पीआर गेलं तर? आपण इथं कसं उभं केलंय सगळं, विसरलास?"

ती चुकीचं बोलत नव्हती. नरेशनं आईकडे पाहिलं.

"त्यानं तुझ्याकडं पाणी मागितलं?" कमलाबाईनं विचारलं.

"बर्फ मागितला."

"बरफ म्हंजे पाणीच की." तिनं कप खाली ठेवला. "तुझ्याकडं व्हतं?"

"होतं."

"आन् नाही म्हनलास?"

नरेशनं मान हलवली. त्याला वाटलं ती आता आजोबांची गोष्ट काढील. तिनं काढली नाही. दरवर्षी न चुकता सांगितलेली गोष्ट त्या सकाळी तिनं तोंडातून काढली नाही, आणि नरेशला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

"मला नको सांगू," ती म्हणाली. "ज्याला दिलं न्हाईस, त्याला जाऊन सांग."

शनिवारी संघ परत जाणार होता. बकारी आणखी दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये राहणार होता. नरेशनं सकाळी आयोजकांना नवा रिपोर्ट नेऊन दिला, त्यात चावी होती. पुढं काय होईल ते त्यांनीही सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. मग त्याच रिपोर्टची प्रत घेऊन तो हॉटेलवर गेला. हमीसी बसपाशी बॅगा चढवत होता. नोकरी गेली होती, पण बॅगा तोच चढवत होता.

मनोहरभाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग कडक झाला. "चाबी तुम्हारे पास थी?"

"जेब में थी. उसको बता दीजिए. मेरे सामने बताइए."

मनोहरभाई स्वाहिलीत बोलले. हमीसी ऐकत राहिला. त्याला धक्का बसला नाही. त्यानं फक्त मान हलवली आणि हवेत बोटांनी चावी फिरवली, तशीच, मध्यंतराला फिरवली होती तशी.

"इसको मालूम था," मनोहरभाई म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "दरवाजे में देखी थी इसने. मेरे को क्यों नहीं बोला, पूछा मैंने. बोलता है, पहले सोचना था."

हमीसी पुन्हा काहीतरी बोलला, एकच वाक्य, नरेशकडे बघत. आवाजात राग असता तर नरेशला बरं झालं असतं.

"क्या बोले?" नरेशनं विचारलं.

"पूछ रहा है, उसने तुम्हारा क्या बिगाड़ा था. बोलता है, छह दिन से याद कर रहा हूं, मिलता नहीं."

नरेशजवळ उत्तर होतं. हॉस्टेल होतं, चकली होती, आजोबांचं फुटलेलं डोकं होतं. त्यातलं काहीही या माणसानं केलेलं नव्हतं. बसचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता, आणि हमीसी खरोखरच उत्तरासाठी थांबला होता.

"कुछ नहीं," नरेश म्हणाला. "उनको बोलिए, कुछ नहीं बिगाड़ा था."

मनोहरभाईंनी तेही स्वाहिलीत सांगितलं. हमीसीनं ते ऐकून घेतलं आणि उरलेल्या बॅगा चढवायला वळला.