अ‍ॅडजस्ट करा म्हणणारे साहेब

साहेब, आमच्या दफनभूमीत चुन्याची रेघ तुम्हीच मारायला लावलीत.

तुमचा तो शब्द आम्हाला नवा नाही. तिसगावच्या जीपमध्ये चौघांच्या बाकावर सहावा आला, की अ‍ॅडजस्ट करा. आमच्या सिल्व्हियाचा लग्नातला ब्लाऊज घट्ट झाला, शिंपी म्हणाला, अ‍ॅडजस्ट करतो. पुढं तिचं सासूशी पटेना, तर चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बाई, अ‍ॅडजस्ट कर. दर वेळी कुणीतरी आकसून बसतं. कुणी, ते बोलणारा आधीच ठरवून आलेला असतो.

ईस्टरला पहाटे आमची उपासना दफनभूमीतच असते. त्याआधी कबरींना चुना लागतो, कुंपणाच्या कडेनं फक्कीची रेघ पडते. आदल्या दिवशी बेंजामिनकाका चुन्याचा डबा घेऊन गेले, तर रेघ तयारच! कुंपणाच्या बरीच आत.

"तरुण संघाची पोरं आंधळी हायेत का?" काका मला म्हणाले. "नोहा, तुझ्या आईच्या उरावरून नेली की रे!"

"आता पुसत बसू नका," एस्तेरमावशी म्हणाली. "उलट ठळक करा. अंधारात कुनी ठेचकाळायचं न्हाई."

काकांनी ठळक केली. पहाटे मेणबत्त्या घेऊन आम्ही त्या रेघेच्या आत उभे राहिलो, गायलो. फाटकापाशी एकजण मोबाईलवर फोटो काढत होता. वाटलं, असेल कुणाचा पाहुणा.

नंतर पोरं म्हणाली, "आमी कुठं मारली? आमाला वाटलं, काकांनी मारली."

आणि तो फोटो निघाला रस्तेखात्यात, तुमच्या टेबलावर. तुम्ही म्हणालात, "रस्ता रुंद होतोय. तुमच्या समाजानं स्वतःच हद्द आखून दिलीय. रेघेबाहेर चारच कबरी जातायत, जरा अ‍ॅडजस्ट करा."

"साहेब, चुना माझा हाय, रेघ माझी न्हाई," काका म्हणाले. तुम्ही हसलात. चहा मागवलात.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी आमची सगळी वस्ती चर्चमध्ये असते, दफनभूमीत चिटपाखरू नसतं. रेघ मारायला नेमकी हीच वेळ तुमच्या माणसांना कुणी सांगितली? रस्त्यापलीकडं आबासाहेबांच्या हॉटेलची ओसरी पार साईडपट्टीवर आलीय. तिथं फक्कीचा कणसुद्धा नाही.

माझी आई जन्मभर आकसूनच बसली. जीपमध्ये, सासरी, दवाखान्याच्या बाकावर. आता तिनं मातीखाली कुठं सरकायचं? आणि आबासाहेबांच्या ओसरीला हा शब्द तुम्ही एकदा तरी ऐकवलात का?

चहा नको. उत्तर द्या.